सरळ चालीचा हिशेब

जुन्या वहाणेचा तळ उलटून पाहिला, म्हणजे ती वापरणारा मनुष्य कसा चालतो हे सहज समजते. कोणाची टाच बाहेरच्या बाजूने झिजते, तर कोणाच्या अंगठ्याखालचे चामडे आधी पातळ होते. चालणाऱ्याला मात्र आपण अगदी सरळ चालतो असेच वाटत असते. मोटारगाडीचे टायर म्हणजे तिच्या पायांतल्या वहाणाच होत. गाडी सरळ जात आहे असे हाकणाऱ्याला वाटते. परंतु खाली, त्याच्या डोळ्यांआड, रबर आपली साक्ष नोंदवीत असते. ही साक्ष वाचण्याचा प्रसंग आमच्यावर जयपुरात आला, आणि त्या निमित्ताने ‘सरळ’ या साध्या शब्दाचा अर्थही नव्याने तपासावा लागला.

पत्नीच्या बँकेतील बदलीमुळे आम्ही जयपुरास राहतो. माझे काम भाषांतराचे व संपादनाचे. ते घरी टेबलापाशी बसून होते. गाडी मुख्यतः तिच्या हाती असते. मागल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक जोराने आपटले. तेव्हापासून गाडी एका अंगाला ओढू लागली, म्हणून एका वर्कशॉपमध्ये चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. काम झाल्यावर एक छापील कागद हाती आला. त्यावर गाडीचे चित्र होते, चारही चाकांपाशी अंशांचे आकडे होते आणि ते सर्व हिरव्या रंगात होते. हिरवा म्हणजे मर्यादेत, असे तेथील मुलाने समजावून दिले.

गाडीचे ओढणे थांबले खरे. पण एक नवाच प्रकार सुरू झाला. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाताना स्टिअरिंगचे चाक उजवीकडे कललेले राही. तराजूचे एक पारडे खाली बसावे तसे. ते मधोमध आणावे, तर गाडी डावीकडे वळू लागे. पत्नीने दुसऱ्याच दिवशी वर्कशॉप गाठले. उत्तर मिळाले, “आकडे बरोबर आहेत, सवय होऊन जाईल.” पुन्हा गेली, तेव्हा त्यांनी तोड सुचवली : स्टिअरिंगचे चाक खोलून काढायचे आणि सरळ करून पुन्हा बसवायचे. तिला ते पटले नाही. घरी येऊन तो कागद तिने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही दिवसभर कागदच तपासता ना? मग हाही तपासा. कागद सरळ आहे, गाडी नाही.”

एरवी ही कुरकुर तशीच चालत राहिली असती. परंतु फाल्गुनात पुण्यास जाऊन माझ्या आईला जयपुरास आणावयाचे ठरले होते. जयपूर ते पुणे हे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. आईचे वय झालेले, आगगाडीच्या चढउतारापेक्षा घरची गाडी तिला बरी वाटत होती. परतीच्या प्रवासात मागच्या सीटवर ती आणि आमची आठ वर्षांची मुलगी बसणार होत्या. अशा वेळी स्टिअरिंग कलते का, ही केवळ सवयीची बाब राहत नाही.

अलाइनमेंट म्हणजे नेमके काय, हे येथे थोडक्यात सांगावयास हवे. त्यातील मुख्य मापे तीन. पहिले ‘टो’. आपण उभे राहून पायांचे चवडे आत वळवले, तर ते ‘टो-इन’. बाहेर फाकवले, तर ‘टो-आउट’. चाकांचेही तसेच. दुसरे ‘कॅम्बर’ : समोरून पाहिले असता चाक उभे आहे, की त्याचा माथा आत अथवा बाहेर झुकला आहे, याचे माप. तिसरे ‘कॅस्टर’ : चाक ज्या आसाभोवती वळते, तो आस बाजूने पाहता किती मागे कललेला आहे, हे ते सांगते. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्याकडे येते, त्यात या कलाचा वाटा मोठा असतो. पुष्कळशा लहान गाड्यांत कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातूनच ठरून येतात. गॅरेजमध्ये फिरवून बदलता येतो तो पुढच्या चाकांचा टो. त्यासाठी स्टिअरिंगपासून दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या दोन दांड्या असतात. त्यांना टाय-रॉड म्हणतात. त्यांवरील आट्यांनी दांडी किंचित लांब वा आखूड करता येते.

टायर सर्वांत लवकर खाणारा दोष म्हणजे टो बिघडणे. चाक जाण्याच्या दिशेशी केवळ पाव अंशाने तिरपे असले, तरी एका किलोमीटरमागे ते सुमारे ४.४ मीटर आडवे घासले जाते. बाराशे किलोमीटरच्या प्रवासात हे घासणे पाच किलोमीटरांहून अधिक भरते. म्हणजे पुण्यास पोहोचेपर्यंत तो टायर बाराशे किलोमीटर धावलेला असेलच, शिवाय पाच किलोमीटर डांबरावरून फरफटलेलाही असेल. पाव अंश डोळ्यांना दिसत नाही. रबराला मात्र तो चुकत नाही.

ओळखीच्या एका रिक्षावाल्याने ट्रान्स्पोर्टनगरातील एका मिस्त्रीचे नाव सुचवले, आणि माघात एका सकाळी आम्ही दोघेही तेथे गेलो. त्याच्यापाशीही तसलेच आधुनिक यंत्र होते : चारही चाकांना तबकड्या लावायच्या, समोरच्या कॅमेऱ्याने त्या पाहायच्या आणि पडद्यावर आकडे वाचायचे. परंतु यंत्राकडे तो लगेच वळला नाही. आधी पत्नीलाच गाडी चालवावयास सांगून तो शेजारी बसला आणि रिंग रोडच्या एका सपाट पट्ट्यावर फेरी मारून आला. सपाट जागा मुद्दाम निवडली. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ते कडेकडे उतरते केलेले असतात, आणि आपण डावीकडून गाडी हाकतो. त्यामुळे निर्दोष गाडीही अशा उतारावर हळूहळू डावीकडे सरकते. तो उतार गाडीच्या माथी मारू नये, एवढी काळजी पहिल्या परीक्षेतच घ्यावी लागते.

परत आल्यावर त्याने टायरांतील हवा मोजली व ती दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आकड्याइतकी केली. मग टायरच्या नक्षीवरून आडवा तळहात फिरवला, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत जाई, उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखी धार लागे. “बहनजी, तुम्हीही हात फिरवून पाहा,” तो म्हणाला. तिने पाहिले, मीही पाहिले. ही धार म्हणजे टो बिघडल्याची खूण. बाहेरच्या कडेकडून आत हात नेताना तो सुखाने गेला आणि उलट येताना अडला, तर चाकाचा पुढचा भाग आत वळलेला असतो. याच्या विरुद्ध असेल, तर तो बाहेर फाकलेला असतो. टायर मधोमध झिजला, तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी. एकच कड गुळगुळीत झिजली, तर बहुधा कॅम्बर. आणि ठिकठिकाणी खळगे पडले, तर शॉक-अब्सॉर्बर अथवा बॅलन्सिंगचा दोष. इतकी साधी ही लिपी आहे, पण ती वाचावयास वाकावे लागते.

गाडी उचलून घेतल्यावर खरे संकट दिसले. पुढच्या डाव्या टायरची आतली कड, उभ्याने कधीच न दिसणारी, इतकी झिजली होती की रबराखालचे धागे उघडे पडले होते. बाहेरच्या कडेला नक्षी अजून चांगली होती. आपल्याकडील नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरवरील खाच १.६ मिलिमीटरहून उथळ असता कामा नये, आणि ती मर्यादा कळावी म्हणून खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. येथे तर खाच, उंचवटा सर्वच पुसले गेले होते. मिस्त्रीने त्या धाग्यांवर बोट ठेवले व विचारले, “यावर पुण्याला जाणार होतात, बाबूजी?” पत्नी काही बोलली नाही. तिने मुलीच्या शाळेत फोन करून तिला घ्यावयास थोडा उशीर होईल एवढेच कळवले. वाढत्या उन्हात, भरधाव रस्त्यावर असा टायर फुटला असता म्हणजे काय झाले असते, हे त्या क्षणी आम्हां दोघांनाही सांगावे लागले नाही.

मग त्याने चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळातील तीन व नऊ या जागी धरून हलवले. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. डाव्या टाय-रॉडच्या टोकाचा सांधा सैल झालेला होता. कोडे तेथे सुटले. उभ्या गाडीवर यंत्राने मोजले, तेव्हा चाक जागेवर होते. म्हणून आकडा हिरवा. गाडी धावू लागली, ब्रेक लागले, की सैल सांध्यामुळे तेच चाक बाहेर फाके आणि आतली कड घासली जाई. सैल सांध्यावर केलेले अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या टेबलावर मांडलेला काटा. वजन अचूक दिसते, पण टिकत नाही.

स्टिअरिंग कलण्याचे कारण याहून वेगळे होते. दोन्ही चाकांचा मिळून एकूण टो बरोबर करावयाचा, तर तो एकाच दांडीवर सगळा फेर देऊनही करता येतो. चाके परस्परांशी समांतर होतात. पण स्टिअरिंगचा मध्य एका बाजूस ढळतो. योग्य रीत अशी की, आधी मागची चाके कोणत्या दिशेला गाडी ढकलीत आहेत ते मोजावयाचे. मग स्टिअरिंग मधोमध आणून टेकूने अडकवून ठेवावयाचे. आणि त्यानंतर पुढचे प्रत्येक चाक मागच्या चाकांच्या त्या दिशेशी स्वतंत्रपणे जुळवावयाचे. एकूण टो बरोबर असून केवळ स्टिअरिंग कललेले असेल, तर एक दांडी जितकी लांब करावयाची, तितकीच दुसरी आखूड करावयाची. चाके समांतरच राहतात आणि मध्य जागेवर येतो.

स्टिअरिंगचे चाक खोलून सरळ बसवणे ही दुरुस्ती का नव्हे, हेही त्याने सांगितले. तसे केल्याने डोळ्यांना समाधान मिळते. आतील दातेरी दांडा मात्र मध्यावरून सरकलेलाच राहतो. मग एका बाजूस गाडी जितकी वळते, तितकी दुसऱ्या बाजूस वळत नाही. शिवाय हल्लीच्या गाड्यांत त्या चाकाच्या पोटात एअरबॅग असते. तेथे अननुभवी हात जाणे धोक्याचे. घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ज्या गाड्यांत असते, तेथे स्टिअरिंग किती वळले हे मोजणारा एक सेन्सरही असतो. मध्य बदलला की त्यालाही नवा मध्य शिकवावा लागतो. नाहीतर गाडी सरळ जात असता ती वळत आहे असा त्याचा समज होऊ शकतो.

हे सर्व ऐकताना मला जयपूर शहराचीच आठवण होत होती. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसवले. त्याचे रस्ते काटकोनात छेदतात, बाजारपेठा एकमेकींस समांतर धावतात, आणि प्रवाशाला हे शहर पट्टीने आखल्यासारखे वाटते. तसे ते आहेही. परंतु या आखणीचा सांगाडा उत्तर-दक्षिण दिशांशी तंतोतंत जुळत नाही. तो सुमारे १५ अंशांनी फिरलेला आहे. सूरजपोलपासून चांदपोलकडे जाणारा मुख्य रस्ता जमिनीच्या उंचवट्याच्या धारेला अनुसरून गेला आहे. रस्ते परस्परांशी सरळ आहेत, आणि नगराला तेवढे पुरते. याच नगरात, राजवाड्याला लागून, जंतरमंतर आहे. तेथील सम्राट-यंत्राची सुमारे २७ मीटर उंचीची तिरपी भिंत रस्त्यांशी जुळवलेली नाही; ती थेट पृथ्वीच्या आसाशी समांतर आहे. म्हणूनच तिची सावली दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवू शकते. एकमेकांशी सरळ असणे आणि मूळ रेषेशी सरळ असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या गाडीची चाके पहिल्या अर्थाने सरळ होती, दुसऱ्या अर्थाने नव्हती.

आणखी एक गोष्ट अशी की, सैल सांध्याचा त्रास जयसिंहालाही चुकला नव्हता. त्याने प्रथम पितळेची यंत्रे करवली होती. सम्राट महंमदशहाच्या नावे रचलेल्या ज्योतिषकोष्टकांच्या प्रस्तावनेत ती यंत्रे सोडण्याची कारणे दिली आहेत. आस झिजतात व डळमळतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, पातळ्या ढळतात, म्हणून मोजणी बिघडते. यास्तव त्याने चुन्यादगडाची प्रचंड यंत्रे उभारली. त्याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. माझ्यासारख्या भाषांतरकाराला त्याचे विशेष अप्रूप वाटते. तथापि दगडही कायमचा नसतो. या वेधशाळेची १९०१ च्या सुमारास मोठी दुरुस्ती करावी लागली. गॅरेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्या कामी चंद्रधर शर्मा गुलेरी होते, पुढे हिंदी कथाकार म्हणून नावाजले तेच. मोजणारे साधनही मधूनमधून मोजून पाहावे लागते, याची ही साक्ष.

मिस्त्रीने त्या दिवशी टाय-रॉडचा सांधा बदलला, पुढचे दोन्ही टायर नवे घालावयास लावले, मागच्या चाकांची दिशा तपासली, स्टिअरिंगला टेकू दिला आणि दोन्ही दांड्या थोड्याथोड्या फिरवून लॉक-नट घट्ट केले. दोन्ही बाजूंच्या उघड्या आट्या मोजून त्या जवळजवळ सारख्या असल्याची खात्री त्याने करून घेतली. एवढ्यावर न थांबता त्याने पुन्हा पत्नीला फेरी मारावयास लावली. ती परतली तेव्हा स्टिअरिंग आडवे, सरळ, तराजूची दोन्ही पारडी समान. यानंतर कुठे त्याने कागद छापून दिला. आकडे याही कागदावर हिरवेच होते. दोन कागद शेजारी ठेवले, तर कोणता खरा हे सांगता येणार नाही. ते केवळ गाडीच सांगू शकते.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना यातून दोनतीन गोष्टी सहज घेता येतील. अलाइनमेंट करण्याआधी हवा, सांधे आणि बुश तपासले गेले का, हे विचारावे. सैल भाग बदलल्याशिवाय आकडे घेण्यात अर्थ नाही. काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी सपाट, मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारावी, आणि स्टिअरिंग कललेले असेल तर तेथल्या तेथे पुन्हा करून मागावे. ते अपुरे राहिलेले काम आहे, आपल्या सवयीचा प्रश्न नव्हे. नुसते कललेले स्टिअरिंग टायर खात नाही. परंतु ते काम कसे झाले याची सूचना देते, आणि ती सूचना ऐकावी. अलाइनमेंटनंतरही गाडी ओढत असेल, तर पुढचे दोन टायर परस्परांत बदलून पाहावे, मात्र त्यांवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही याची खात्री करून. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचा आहे. एकदा दातेरी झालेला टायर दुरुस्तीनंतरही काही काळ घोंघावत राहतो, हेही ध्यानात असावे. आणि महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून, वाकून, टायरची आतली कड पाहावी. दिसते ती बाहेरची कड. धोका पुष्कळदा आतल्या बाजूस असतो.

फाल्गुनात आम्ही पुण्यास जाऊन आलो. परतीच्या वाटेवर आई मागच्या सीटवर बहुतेक वेळ झोपलेली होती, आणि तिच्या मांडीवर मुलगी. पत्नी शांतपणे गाडी हाकत होती. उदयपूर मागे पडल्यावर एका ढाब्यापाशी थांबलो, तेव्हा आईने विचारले, “ही उतरल्या उतरल्या चाकांपाशी काय वाकून बघते रे?” मी म्हणालो, “वहाणा तपासते आहे.” आईला ते कितपत कळले कोण जाणे, पण तिने मान डोलावली आणि चहा मागवला.

घरी पोहोचल्यावर टायर पुन्हा हाताने पाहिले. तळहात आतून बाहेर गेला, बाहेरून आत आला, आणि दोन्हीकडे सारखाच सुखाने फिरला.